दोन गोळ्यांच्या मधे

सकाळी मुलीची वेणी घालताना तिच्या हातातला कंगवा उडाला आणि आरशावर आपटून कपाटाखाली गेला. स्टुलावर बसलेली मुलगी आधी दचकली, मग आरशातून तिच्याकडे बघत खिदळली. पुढचे दोन दात पडल्यापासून बाप तिला बोळकी म्हणायचा आणि आता घरात तेच नाव पडलं होतं. "आई, परत कर ना! परत उडव!" बोळकी म्हणाली. तिनं डाव्या हातात मुलीची अर्धी वेणी तशीच धरून ठेवली होती. उजव्या हाताला, खांद्यापासून कोपरापर्यंत, ते अजून जाणवत होतं, कोणी मागून दंड धरून हिसडा द्यावा तसं. मागे कोणी नव्हतं. नवरा आत दाढी करत होता, नळ वाहत होता. "हात ओला होता गं, निसटला," ती म्हणाली. हात कोरडा होता. वाकून कपाटाखाली चाचपडताना तिला कळलं, तो हिसडा तिच्या ओळखीचा होता. नको असलेला माणूस वर्षांनी रस्त्यात समोर यावा आणि आपण घाईघाईनं दुकानांच्या पाट्या वाचायला लागावं, तशी ती मुलीचा भांग पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. शेवटी बोळकीच कंटाळून म्हणाली, "आई, शाळा भरली असेल."

स्वतः शाळेत असताना एक अख्खं वर्ष ती धसमुसळी म्हणून ओळखली जायची. सकाळी चहाचा कप हातातून उडायचा, दात घासताना ब्रश गालावर आपटायचा, दुधाची पिशवी फरशीवर फुटायची. "हातांना भोकं पडलीत का तुझ्या?" आई ओरडायची. मग एका सकाळी पहिल्याच तासाला ती बाकावरून खाली गेली. पुढचं तिला मैत्रिणींनी सांगितलं, तेही अर्धवट, नजर चुकवत. आई तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, जिथं ओळखीचं कोणी भेटायची शक्यता नव्हती. डॉक्टरांनी गोळी दिली, पहिली नीट लागू पडली नाही, मग दुसरी, आणि दुसऱ्या गोळीनं सगळं शांत झालं. धसमुसळेपणा म्हणजे आजारच होता हे कळल्यावर आईनं एकदाच तिला जवळ घेतलं आणि त्या वर्षभराच्या ओरडण्याबद्दल पुढे कधी ब्र काढला नाही. पण गोळ्या घरी आणल्या की ती त्या शक्तीच्या औषधाच्या बाटलीत ओतून ठेवायची, आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरलेलं होतं. काही नाही. हे दोन शब्द आई इतक्या सहज म्हणायची की ऐकणाऱ्याला आपण उगाच विचारलं असं वाटावं. तिनं स्वतः ते फक्त एका माणसापुढे मोडले होते. लग्नाचं ठरत होतं तेव्हा बागेतल्या बाकावर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळी घेतलीस की होत नाही ना?" ती म्हणाली, "नाही." "मग झालं तर. माझ्या निम्म्या लिफ्ट तशाच चालतात." ती इतकी हसली होती की डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या घरच्यांना मात्र सांगायचं नाही, असं आईनं त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि त्यानंही ते निमूट पाळलं.

ती दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून रोग्यांच्या जबड्यांचे साचे लॅबमध्ये यायचे. त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, मग स्पिरिटच्या दिव्यावर बारीक सुरी तापवायची आणि मेणाचा एकेक थेंब चढवत हव्या त्या जागी दाढ उभी करायची. थेंब ठेवताना श्वास आपोआप थांबायचा. अनोळखी माणसांची तोंडं तिला पाठ होती, कोण एकाच बाजूनं चावतो, कोण झोपेत दात खातो. "लोकांच्या दातांवर आपलं पोट चालतं," मालक येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे आणि स्वतःच हसायचे. ते काम तिला आवडायचं, कारण त्यात हात कसा स्थिर लागतो हे बघणाऱ्याला लगेच कळायचं, आणि आपला हात स्थिर आहे हे रोज स्वतःला दाखवता यायचं. पण गेलं वर्षभर पाळी आली की थांबायचं नाव घेत नव्हती. ती गडद कपडे घालून यायची, खुर्चीवर काळा टॉवेल टाकायची, तासातासाला उठायची. एकदा उठली तर टॉवेल सरकलेला होता. शेजारी दातांना पॉलिश करणाऱ्या बाईनं काही न बोलता आपलं जाकीट तिच्या कमरेला बांधलं आणि खुर्ची पुसून टाकली. त्या दिवशी जिना चढताना मधल्या वळणावर तिचे पाय गळाले, ती पायरीवर बसली, आणि वरच्या मजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत तिला ओलांडून पुढे गेले. "तरुण माणसं तुम्ही," ते म्हणाले. मग डॉक्टरांकडे जाणं आलंच.

सोबत आई आली होती. अशा ठिकाणी आई नेहमी यायची. डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त किती कमी झालंय ते पाहून चुकचुकल्या, आणि लिहिता लिहिता विचारायला लागल्या. सिगारेट? पायात कधी रक्ताची गाठ? डोकं दुखताना डोळ्यांपुढे काही चमकतं? दुसरी कुठली औषधं चालू आहेत, थायरॉइडची, टीबीची, फिट्सची, काहीही?

"काही नाही," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. "नक्की ना? ही हॉर्मोनची गोळी आहे. बाकीच्या औषधांशी हिचं पटतंच असं नाही, म्हणून विचारते."

तिनं मान हलवली. नंतर त्या हलवलेल्या मानेपाशी ती किती वेळा परत गेली. घाबरली होती म्हणावं तर तसं नव्हतं. आईचा धाक म्हणावा, तर ती आता स्वतः एका मुलीची आई होती. खरं म्हणजे 'काही नाही' हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. त्या खोलीत, गर्भाशयाच्या रंगीत चित्राखाली, ती क्षणभर एकच तक्रार असलेली बाई झाली होती, बाहेर बाकांवर बसलेल्या इतर बायांसारखी. डोक्याचं ते जुनं ओझं कोणीतरी दाराबाहेर ठेवून घेतलं होतं. ते आत बोलावून घ्यायला तिचं मन होईना. बाहेर आल्यावर मात्र तिनं विचारलं, "आई, सांगायला हवं होतं का गं?" आई पर्समध्ये पावती कोंबत होती. "ते डोक्याचं, हे पोटाचं. दोघांचा काय संबंध?" ती म्हणाली. आणि ते इतकं सरळ वाटलं की दोघी लिफ्टमधून उतरताना भाजी काय घ्यायची ते बोलत होत्या.

गोळी गुलाबी होती. तीन आठवडे घ्यायची, मग एक आठवडा सुट्टी, मग नवीन पाकीट. पहिल्या सुट्टीत पाळी आली ती पाहुण्यासारखी, थोडा वेळ बसून गेली. तिनं कितीतरी महिन्यांनी फिकट रंगाचा कुर्ता घातला. जिना एका दमात चढली. लॅबमधल्या त्या पॉलिशवाल्या बाईला जाकीट धुऊन, इस्त्री करून परत दिलं. नवरा म्हणाला, "तोंडावर रंग आला बघ तुझ्या." त्या गोळीवर तिचा जीव जडला. ती जुनी पांढरी गोळी इतकी वर्षं फक्त काही होऊ न देण्याचं काम करत होती, तिचं घेणं म्हणजे दार बंद आहे ना ते पाहणं. ही गुलाबी गोळी काहीतरी देत होती. कंगवा उडाला तो दुसऱ्या पाकिटाच्या मध्यावर.

त्यानंतर सकाळी हिसडे येत राहिले. रोज नाही, आणि फार मोठे नाहीत. चमचा टणकन ओट्यावर पडायचा, चहा बशीत हिंदकळायचा. ती कप अर्धाच भरू लागली. वेणीऐवजी बोळकीला रबरबँड लावून नुसता बो बांधू लागली, तर बोळकी रुसली. "पांढरी गोळी चुकतेय का तुझी?" नवऱ्यानं एका सकाळी फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करत विचारलं. "नाही. दोन्ही वेळा घेते. तुझ्यासमोरच घेते ना." तो म्हणाला, "मग झालं तर." पण या वेळी ते बोलून झाल्यावर तो बराच वेळ हातातले तुकडे एकमेकांना जुळवून पाहत उभा राहिला. लॅबमध्ये ती सकाळी प्लास्टरचं काम उरकायची आणि मेण दुपारसाठी ठेवायची. दुपारी हात तिचा असायचा. सकाळी तो कोणाचा असायचा ते तिला माहीत नव्हतं. ती त्याच्याकडे मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखी बघायची, आता हलेल, आता हलेल, आणि नेमकं तिचं लक्ष दुसरीकडे गेलं की तो हलायचा. मग सुट्टीचा आठवडा आला आणि हिसडे थांबले. त्यांच्या जागी भलतंच सुरू झालं. फरशी पायाखाली किंचित तरंगायची. मेणाच्या एका सुळ्याशेजारी तसाच दुसरा सुळा दिसायचा, अर्धपारदर्शक, आणि ती डोळे मिटून उघडायची तेव्हा कुठे दोन्ही एकमेकांत शिरायचे. चष्म्याच्या दुकानात जाऊन तिनं नंबर तपासला. नंबर तोच होता. मालक तिला भिंत धरून चालताना बघून म्हणाले, "काय हो, सकाळी सकाळी?" आणि हसले, आणि तिलाही हसावं लागलं. पुन्हा नवीन पाकीट सुरू केलं की डोळे निवळायचे, फरशी जागेवर यायची, आणि हिसडे परत यायचे. तिच्या आत काहीतरी ठरावीक वेळेला चढत होतं आणि उतरत होतं, तिला न विचारता. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला हवं हे ती रोज स्वतःला सांगायची. पण ती जाणार म्हणून मनाची तयारी करेपर्यंत सुट्टीचा आठवडा यायचा, हिसडे थांबायचे, आणि गेलं असेल, असं वाटायचं. आणि आत खोल एक भीती होती, ती तिनं स्वतःशीही पुरती बोलून दाखवली नव्हती. ते नवीन काय सुरू केलंय म्हणून विचारतील, आणि गुलाबी गोळी काढून घेतील.

त्या सकाळी ती बोळकीला शाळेत सोडायला निघाली होती. आदल्या रात्री झोप नीट झाली नव्हती. नवरा पहाटेच कामावर गेला होता, कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. तिला आठवतं ते इतकंच: बोळकी कुठल्या तरी मुलीबद्दल सांगत होती, तिची पेन्सिल वास येणारी आहे म्हणून. रस्त्याच्या कडेला किल्ल्या बनवणारा आपलं यंत्र चालू करत होता. त्या यंत्राचा आवाज वाढत गेला, फारच वाढला, आणि ऊन एकदम पांढरं झालं. त्यानंतर काही नाही. झोपेत निदान आपण झोपलो होतो असं नंतर वाटतं. इथं तर कापडातून कात्रीनं तुकडा काढावा आणि दोन्ही कडा एकमेकींना शिवून टाकाव्यात, तसं किल्लीवाल्याच्या यंत्रापुढे लगेच गाडीचं छत होतं, तोंडात रक्ताची चव होती, आणि कोणीतरी लहान मूल एकसारखं रडत होतं. हे रडणं ओळखीचं आहे असं तिला वाटलं. कोणाचं आहे ते आठवेना. ते आठवायला जो वेळ गेला, तो तिला पुढे कधीच कोणाला सांगता आला नाही.

बाकीचं तिला किल्लीवाल्यानं सांगितलं, तो हॉस्पिटलपर्यंत आला होता. "तुम्ही पडलात बघा सरळ मागे. पण पोरीचं मनगट सुटेना तुमच्याकडून. दोघातिघांनी बोटं सोडवायचा प्रयत्न केला. पोरगी ओरडते, आई सोड, आई सोड. पण तुम्हाला कुठलं ऐकू यायला?" तो हे सांगताना स्वतःचं मनगट धरून दाखवत होता. "मग झालं शांत एकदाचं आणि हात आपोआप सुटला." बोळकीच्या मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. तिला दुसऱ्या खोलीत प्लास्टर घालत होते. एवढी वर्षं प्लास्टर कालवून तिला माहीत होतं, ते सुकताना गरम होतं, आणि ज्याला माहीत नसतं तो घाबरतो. हे कोणीतरी जाऊन मुलीला सांगावं, ते गरम होईल पण भाजणार नाही, असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून नुसता आवाज आला. जिभेची एक कड तिच्याच दाढांनी चावून काढली होती आणि जीभ तोंडात मावत नव्हती.

म्हातारे डॉक्टर दुपारी आले. शाळेतल्या त्या पडण्यापासून ते तिला बघत होते, आणि अजून बाळ म्हणायचे. नवरा कामाच्या कपड्यांतच भिंतीला टेकून उभा होता, हाताला तेल तसंच. आई पायथ्याशी बसली होती. "औषध तेच, डोस तोच, आणि ही गोळ्या चुकवणारी मुलगी नाही," डॉक्टर कागद चाळत म्हणाले. "मग इतक्या वर्षांनी का? ताप आला होता? जागरण? दुसरं कुठलं औषध सुरू केलंय?"

"काही नाही," आई म्हणाली.

तिनं पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हात आपटला. सगळ्यांनी वळून पाहिलं. नर्स पुढे आली, तिला वाटलं पुन्हा सुरू झालं. तिनं मान हलवली, आणि पुन्हा हात आपटला. "गो... ई," ती म्हणाली.

"सावकाश, बाळ. काय?"

"पा... ईची. गो... ई." लाळ आणि रक्त हनुवटीवरून गळ्यावर आलं. आई पदरानं पुसायला गेली, तिनं आईचा हात बाजूला सारला. असं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं, आणि आई तो हात तसाच हवेत धरून बसली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. नवऱ्यानं मोबाइलवर गोळीचं नाव शोधून त्यांना दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले आणि हळूहळू, नवऱ्याला आणि तिला दोघांनाही कळेल असं बोलले. त्या गोळीत जे हॉर्मोन असतं, त्यामुळे शरीर तिचं जुनं औषध फार लवकर बाहेर टाकतं. ती दोन्ही वेळा नेमानं गोळी घेत होती, पण रक्तात जेमतेम निम्मी उरत होती. सुट्टीच्या आठवड्यात हॉर्मोन थांबलं की तेच औषध पुन्हा वर चढायचं, म्हणून चक्कर आणि दोन-दोन दिसणं. "सगळ्याच फिट्सच्या औषधांचं असं होत नाही. काही औषधं उलट करतात, तीच त्या गोळीचा असर घालवतात. तुझ्या औषधाचं हे असं आहे. कोणी तरी दोन्ही नावं एकत्र ऐकली असती तर आधीच सांगितलं असतं, डोस बदलला असता, नाहीतर ही गोळीच दिली नसती."

नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे आता ती बंद केली की झालं?"

"बंद करायचीच. पण तेवढ्यानं उद्या सगळं जागेवर येईल असं नाही. आता जुनं औषध वर चढेल, ते किती चढतं ते रक्त तपासून बघत राहायचं. अंगावर पुरळ आलं, ताप आला, तर तडक यायचं. आणि मनानं कुठलीच गोळी वाढवायची नाही, सोडायची नाही. मधल्या काळात पुन्हा झटका येणार नाही याची खात्री मी देऊ शकत नाही."

"अक... त?" तिनं विचारलं.

त्यांना कळलं. "रक्त जायला लागेल परत. हो. त्या डॉक्टरबाईंशी मी बोलतो. दुसरे मार्ग आहेत, गर्भाशयात बसवायचं साधन असतं, त्याचा या औषधाला सहसा त्रास होत नाही. पण आधी हे ताळ्यावर येऊ दे." ते उठले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. नवऱ्यानं तो तिच्या कानाशी धरला. "मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, त्यात नुसता थकवा होता. "तुम्ही मान हलवलीत." तिनं हो म्हटलं. मग फोन ठेवायचा कोणी हे दोघींनाही ठरवता येईना.

घरी आल्यावर आई तिच्याजवळ राहिली. जीभ भरून येत होती, ती मऊ भात आणि गार दूध खायची, आणि आई वाटी धरून बसायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाटी खाली ठेवून आई एकदम म्हणाली, "मी तुझं वाईट चिंतलं का गं?" ती नाही म्हणाली. "माझ्या ताईला माहेरी आणून सोडलं होतं. सामानासकट. लग्नानंतर तिला पहिल्यांदा झटका आला तेव्हा. तुला सांगितलं नाही कधी." आई भिंतीकडे बघत बोलत होती. "मग ती खिडकीपाशी बसून राहायची. कोणी आलं की तिला आत पाठवायचे, गेले की परत खिडकीपाशी. मी लहान होते, मला वाटायचं तिला खिडकी आवडते." आईनं पदरानं नाक पुसलं. "तू पडलीस शाळेत, आणि मला फक्त ती खिडकी दिसली. तेव्हापासून जे कोणी विचारेल त्याला मी काही नाही म्हणत आले. डॉक्टरालासुद्धा. डॉक्टर आहे हे डोक्यातच आलं नाही बघ." तिला आईचा राग यायला हवा होता. ती राग शोधत राहिली, तो कुठेतरी होता, पण त्याच्यापर्यंत पोचायला जी ताकद लागते ती तिच्याजवळ नव्हती. तिनं वाटीतला उरलेला भात खाल्ला.

रक्त परत आलं, डॉक्टर म्हणाले होते तसं. पुन्हा गडद कपडे, पुन्हा काळा टॉवेल, या वेळी घरातल्या खुर्चीवर. फरशी पुन्हा तरंगायला लागली, रक्त तपासलं, डोस थोडा बदलला, पुन्हा वाट पाहायची. मालकांचा फोन आला, ते फार चांगलं बोलले. नोकरी कुठे जात नाही म्हणाले, फक्त दिव्याजवळचं काम सध्या नको, साचे धुवायचं, पाकिटं लावायचं काम बघू. त्यांनी दातांवर पोट चालण्याचा विनोद केला नाही, आणि तेच तिला लागलं. सासरच्यांना कळलं. सासू येऊन गेली, फळं ठेवून गेली, आणि जाताना बोळकीला इतका वेळ जवळ घेऊन बसली की बोळकीच सुटून पळाली. मुलीच्या हाताचं प्लास्टर आता चित्रांनी भरलं होतं. ती शाळेत सगळ्यांना सांगायची, माझ्या आईनं धरलं होतं, माझी आई खूप स्ट्राँग आहे. तिला हे पॉलिशवाल्या बाईनं सांगितलं, तिची मुलगी त्याच शाळेत होती. सांगताना ती बाई हसत होती, आणि मग तिचा चेहरा बघून बाईनं हसू आवरलं. रस्त्यानं आता ती बोळकीच्या शेजारून चालायची, हात पाठीमागे बांधून. एकदा वळणावर गाडी जवळून गेली आणि तिचा हात सवयीनं पुढे गेला. बोळकी पटकन मागे सरली. एकच पाऊल. मग तिनं काहीतरी विचार केला आणि चांगल्या हातानं आईच्या पिशवीचा बंद धरला. "तू धरू नको," ती म्हणाली, "मी धरते."

न्हाणीघराची आतली कडी नवऱ्यानं एका रविवारी काढली. म्हाताऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, काही महिने आत कडी नको, बादलीपेक्षा शॉवर बरा, आणि बाहेर कोणीतरी असू दे. त्यानं स्क्रू एकेक करून तळहातावर घेतले आणि कडीच्या जागी उरलेली भोकं पुट्टीनं बुजवली, अगदी सफाईनं, अंगठ्यानं घासून. "काही दिवसांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. तिनं विचारलं, "तुला भीती वाटते का रे?" तो पुट्टीवरून अंगठा फिरवत राहिला. "लिफ्टमध्ये माणूस अडकला की मी बाहेरून सांगतो, घाबरू नका, मी इथंच आहे. आत काय चाललंय ते मला दिसत नसतं." तो इतकंच बोलला, आणि हत्यारं गोळा करून गच्चीवर गेला. आई दुपारची झोपली होती. म्हणून बाहेर बोळकी बसली, दाराला पाठ लावून, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन.

तिनं शॉवर सुरू केला. दार पूर्ण लागत नव्हतं, बोटभर फट राहत होती, आणि त्या फटीतून मुलीच्या फ्रॉकचा कोपरा दिसत होता. पाणी कोमट होतं. पायांवरून खाली जाताना ते गुलाबी होत होतं आणि जाळीशी फिरून नाहीसं होत होतं. "आई, आहेस?" बाहेरून आवाज आला. "आहे," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, "आई, आहेस?" "आहे गं." बोळकी काहीतरी गुणगुणायला लागली, मधेच थांबून विचारायची, आणि उत्तर आलं की पुन्हा गुणगुणायची. तिनं साबण उचलला, घट्ट धरला, खाली ठेवला. आपण एकट्यानं आंघोळ कधी केली होती ते तिला आठवेना. एवढ्या दिवसांत कोणी तिच्याकडे न बघता ती एक क्षण राहिली नव्हती. पुन्हा हाक आली, आणि ती बोलली नाही. तिनं चेहरा पाण्याखाली धरला आणि डोळे मिटले. पाण्याचा आवाज होता, बाकी काही नव्हतं, आणि त्यात ती कोणाची नव्हती, आजारीही नव्हती. गुणगुणणं थांबलं. दुसरी हाक आलीच नाही.

तिनं डोळे उघडले तेव्हा दार उघडं होतं. बोळकी उंबऱ्यावर उभी होती, तोंड किंचित उघडं, त्यात नव्या दातांच्या पांढऱ्या कडा. ती ओरडली नव्हती. तिनं आईकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, पायांवरच्या रक्तावर नजर थांबवली, मग हातांकडे पाहिलं, दोन्ही हातांकडे, ते हलतायत का. बराच वेळ पाहिलं. "आहे मी," ती म्हणाली, "अगं, आहे." मुलीनं मान डोलावली. चांगल्या हातानं दार ओढून घेतलं, होतं तसं, बोटभर फट ठेवून, आणि पुन्हा पाठ टेकून बसली. या वेळी ती गुणगुणली नाही. पाण्याच्या आवाजात ती कान देऊन ऐकते आहे हे आत कळत होतं. मग मुलीनं न विचारताच, पाण्याखाली उभी राहून, ती थोड्या थोड्या वेळानं म्हणत राहिली, आहे, आहे.